नानांची ड्युटी आणि आमची वही

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमचे नाना, म्हणजे माझे वडील, खुर्चीतून उठतात, सदऱ्याचे खिसे चाचपतात आणि दाराकडे निघतात. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. कराड स्टँडवर त्यांची उभी हयात गेली आणि पाटण, ढेबेवाडीकडच्या मुक्कामी गाड्या मार्गी लावण्याची त्यांची वेळ हीच असे. स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन आता सहा वर्षे झाली. त्यांतली पहिली दोन वर्षे मी त्यांना रोज संध्याकाळी तेच समजावत राहिलो, की तुम्ही केव्हाच निवृत्त झालात, आपण आता साताऱ्यात राहतो, बाहेर अंधार पडतो आहे. माझे प्रत्येक वाक्य खरे होते आणि प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा आवाज चढत होता. एका संध्याकाळी मी दाराला आतून कुलूप घातले, तेव्हा त्यांनी माझ्या मनगटावर काठी मारली. ज्या माणसाने लहानपणीसुद्धा मला कधी चापट मारली नाही, त्याने ती मारली होती, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

डॉक्टरांकडे मी गेलो तो त्यांना शांत करणारी गोळी मागायला. डॉक्टरांनी मात्र आधी एक वही घालायला सांगितली. प्रसंग किती वाजता घडला, कोठे घडला, जवळ कोण होते, त्याच्या आधी अर्ध्या तासात काय काय झाले, आपण काय बोललो आणि शेवटी ते कशाने शांत झाले, एवढे रोज लिहायचे. स्टँडच्या खिडकीत बसून नानांनी जन्मभर अशाच नोंदी केल्या होत्या, त्यामुळे रकाने आखताना माझा हात थोडा थांबला.

तीन आठवड्यांनी वही सलग वाचली, तेव्हा जे रोजच्या धामधुमीत दिसत नव्हते ते दिसले. ज्या दिवशी दुपारचा चहा लांबला, ज्या दिवशी ते दुपारभर एकाच खुर्चीत बसून राहिले आणि ज्या दिवशी घरातले दिवे आम्ही पुरता अंधार पडल्यावर लावले, त्या दिवशी सायंकाळ हमखास कठीण गेली होती. तिन्हीसांजेची अस्वस्थता या आजारात अनेकांना होते. दिवसभराचा थकवा, मेंदूतल्या झोप-जागेपणाच्या घड्याळाचा बिघाड आणि मंद उजेडात लांबणाऱ्या सावल्या, या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. आम्ही दिवे पाच वाजताच लावू लागलो, त्याआधी त्यांना सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या मारून आणू लागलो आणि चहा साडेतीनला ठरवून टाकला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मी समजावणे सोडले. ते उठले की आता मी विचारतो, "नाना, कुठली गाडी राहिलीय?" ते म्हणतात, "ढेबेवाडी. ड्रायव्हर आला नाही अजून." मग आम्ही दोघे गॅलरीत बसतो, मी त्यांच्या हातात वही-पेन देतो आणि जमत होते तोवर रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे नंबर ते लिहून घेत. याला काही नातेवाईक खोटेपणा म्हणतात. मला तसे वाटत नाही, कारण गाडीची वेळ चुकू नये ही त्यांची काळजी अगदी खरी असते आणि मी उत्तर त्या काळजीला देत असतो.

संशयाचा काळ याहून अवघड होता. घड्याळ सापडले नाही की नाना थेट माझ्या पत्नीचे नाव घेत, आणि तेही शेजाऱ्यांसमोर. त्यांचे जेवण, कपडे, औषधे सारे तिच्याच हातून होत असे, त्यामुळे हा आरोप तिला खोल लागला. वस्तू आपणच कोठेतरी ठेवली हे ज्याला आठवत नाही, त्याच्या मनाला ‘कोणीतरी नेली’ एवढाच अर्थ उरतो, आणि दिवसभर समोर जी व्यक्ती असते तिच्यावरच संशय जातो. स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये ज्या रुग्णाची हकीकत वैद्यकीय सभेत मांडली, त्या आउगुस्ट डेटर यांना वयाच्या 51 व्या वर्षी, 1901 मध्ये, फ्रँकफर्टच्या रुग्णालयात आणले होते. त्यांच्यात ठळकपणे दिसलेले पहिले लक्षण म्हणजे पतीवरचा संशय. पुढे त्या वस्तू लपवूनही ठेवू लागल्या होत्या. हे वाचून दाखवले तेव्हा पत्नी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे हे नाना बोलत नाहीत." आम्ही तसेच दिसणारे दुसरे घड्याळ आणून ठेवले. ‘म्हातारचळ’ हा शब्द मात्र आमच्या घरात मी कोणाला उच्चारू देत नाही. देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे 7.4 टक्के, म्हणजे अंदाजे 88 लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या माणसांच्या आजाराला आपण चळ म्हणत आलो आहोत.

आंघोळीच्या वेळची झटापट वहीमुळेच सुटली. पाणी अंगावर पडण्याच्या कितीतरी आधी, स्टुलावर बसवतानाच ते ओरडत असल्याचे नोंदींत दिसत होते. त्यांचे गुडघे दुखत होते आणि दुखते हे सांगण्याचा शब्द त्यांच्यापाशी उरला नव्हता. नॉर्वेतल्या 18 शुश्रूषागृहांतल्या 352 रहिवाशांचा एक अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या या रहिवाशांपैकी ज्यांच्या वेदनेवर आठ आठवडे पद्धतशीर उपचार झाले, त्यांचा अस्वस्थपणा लक्षणीय कमी झाला, आणि त्या उपचारांत सर्वाधिक वापर साध्या पॅरासिटामॉलचा होता. आमच्या डॉक्टरांनीही तीच गोळी आंघोळीआधी द्यायला सांगितली. स्टूल उंच घेतले, खांद्यावर टॉवेल ठेवला आणि शॉवर बंद करून तांब्याने आधी पायांवर कोमट पाणी घालू लागलो. दारातले काळे पायपुसणेही उचलले, कारण त्यांना ते खड्ड्यासारखे दिसत असावे; ते नेहमी तेथेच अडत.

एक गोष्ट मात्र वहीत शोधत बसायची नसते. गेल्या पावसाळ्यात नाना दोनच दिवसांत ओळखू न येण्याइतके बदलले. त्यांना भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, रात्रभर ते अंथरूण ओढत राहिले आणि दिवसा ग्लानीत गेले. आजार पुढच्या टप्प्यात गेला असे समजून आम्ही एक दिवस वाया घालवला. प्रत्यक्षात लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता आणि प्रतिजैविके सुरू झाल्यावर ते हळूहळू पूर्वपदावर आले. स्मृतिभ्रंश इतक्या झपाट्याने सहसा वाढत नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस बदलला, तर संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे किंवा नवे औषध यांचा शोध त्याच दिवशी डॉक्टरांकडून घ्यावा.

जी गोळी मागायला मी गेलो होतो, ती पुढे एकदा घ्यावीच लागली, कारण रात्री ते स्वतःला इजा करून घेऊ लागले होते. मनोविकारावरील अशा औषधांनी स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये दिला आणि 2008 मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. डॉक्टरांनी हे आम्हाला स्पष्ट सांगितले, मात्रा अगदी लहान ठेवली आणि सहा आठवड्यांनी ती उतरवत बंद केली. शेजाऱ्याच्या वडिलांना लागू पडलेली गोळी आपल्या वडिलांना देणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तसे करू नका. लेवी बॉडी प्रकारच्या स्मृतिभ्रंशात तर या औषधांनी माणूस ताठरून जाऊ शकतो आणि जिवावरही बेतू शकते.

सांभाळणाऱ्याचा आवाजही चढतो. माझा चढला आहे, आणि त्या दिवसांच्या नोंदीही मी खाडाखोड न करता ठेवल्या आहेत. आता रविवारी दुपारी धाकटी बहीण येते आणि मी आणि पत्नी चार तास बाहेर जातो. फारच असह्य झाले, तर बोलायला शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आहे.

आता नानांना आकडे लिहिता येत नाहीत. पेन हातात धरून ते रस्त्याकडे पाहत बसतात आणि मी मोठ्याने नंबर वाचतो. गेल्या चार दिवसांपासून रात्रीच्या जेवणाला ते ताट ढकलून देतात. वहीप्रमाणे भात-आमटी चालते, भाकरी दिली की ताट सरकते, आणि काल कवळी काढताना उजव्या हिरडीवर लालसर व्रण दिसला. शुक्रवारी सकाळी दंतवैद्यांकडे न्यायचे आहे. तोपर्यंत भाकरी दुधात कुस्करून देतो आहोत.