तुम्ही विचारलंत म्हणून: आधी एसएमपीएस का?

"अक्का, नव्या कॉम्प्युटरला प्रोसेसर कुठला घेऊ?" असं विचारत बेळगावजवळच्या खानापुरातली पोरं माझ्या डीटीपीच्या दुकानात येतात. मी उलट विचारते, "एसएमपीएस कुठला घालणार?" एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा. मग ती एकमेकांकडं बघतात. परवा एकानं तोंडावरच विचारलं, "तुम्ही सगळ्यांना हेच का सांगता?" तर ऐका.

प्रोसेसरमधलं मला कळत नाही असं नाही. कन्नड नुडीत आणि मराठी श्रीलिपीत टाइप करायचं, पत्रिका कोरलमध्ये मांडायची, एवढंच काम असेल तर इंटेलचा आय-थ्री १२१०० भरपूर झाला. नावापुढं एफ असलेला इंटेल घेतलात तर त्यात डिस्प्लेची सोय नसते, वेगळं कार्ड घालावंच लागतं; स्वस्तात मिळाला म्हणून आणला आणि आता स्क्रीनच येत नाही म्हणत इथं आलेले मी बघितलेत. सोळा जीबीची एक रॅम घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्या. विंडोज एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, टाका. सेकंडहँड घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी तरी बघा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याआधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. हे तुम्हाला कुणीही सांगेल.

मी अडते ती माझ्या २०१४ च्या कॉम्प्युटरपाशी. बेळगावात जुळवून घेतला होता. दोन जीबीचं ग्राफिक्स कार्ड घातलं, साडेपाच हजारांचं. पत्रिकेच्या कामाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण तेव्हा मला वाटायचं की कार्ड असलं म्हणजे मशीन दमदार. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आला तोच. वर ४५० वॉटचं स्टिकर, हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका. दुकानदार काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

त्या वर्षी जांबोटीकडचे एक निवृत्त गुरुजी दर गुरुवारी बसनं यायचे. डोळ्यांमुळं त्यांना लिहिणं जमेना, म्हणून ते आठवणी सांगायचे आणि मी थेट टाइप करायची. वही नाही, कागद नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा ते शाळकरी पोर होते. आपलं राज्य बदललं हे त्यांना संध्याकाळी वडिलांनी सांगितलं, गोठ्यात, धार काढता काढता. अशी एकशेचाळीस पानं झाली होती.

मे महिन्यातला वळीव. लाईट गेली, आली, परत गेली, आणि आली ती अशी की ट्यूबकडं बघवेना. फट् आवाज झाला. जळका वास. एसएमपीएसचं काम २३० व्होल्टचे बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट करायचं. चांगला असेल तर आउटपुट वर गेल्याबरोबर स्वतः बंद पडतो. माझा रिपेरीवाल्यानं उघडून दाखवला: बोर्डावर फिल्टरच्या जागा छापलेल्या, पण त्यावर पार्टच नव्हते, नुसत्या तारा जोडलेल्या. मदरबोर्ड गेला, हार्डडिस्कही गेली. पुण्याला पाठवलेली डिस्क दीड महिन्यानं जशी गेली तशी परत आली.

गुरुवारी गुरुजी आले. मी सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चहा घेतला आणि म्हणाले, "परत सांगतो की बाळ. आठवतंय अजून."

त्यांनी परत सांगितलंही. पण पहिल्या वेळी आईच्या जात्यावरच्या ओव्या आल्या होत्या, दुसऱ्या वेळी त्या आल्याच नाहीत. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "कुठल्या ओव्या?" पावसाळ्यात त्यांचं येणं थांबलं. दिवाळीनंतर ते गेले.

म्हणून मी एसएमपीएसचं विचारते. झालं समाधान?

माझ्या मुलाचं होत नाही. तो म्हणतो, "आई, डिस्क कधी ना कधी मेलीच असती. कॉपी का नव्हती?" आठ जीबीचा पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये पडून होता, गिऱ्हाइकांचे फोटो घ्यायला. ती पानं त्याच्या एका कोपऱ्यात मावली असती. यावर मी चिडते, कारण बोलायला काही उरत नाही. मी ८० प्लसचं लेबल बघून घ्या म्हणते तेव्हाही तो टोकतो, की ते लेबल वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतं, संरक्षणाची हमी देत नाही. तेही खरं आहे. त्या दिवशीच्या व्होल्टेजपुढं महागडा एसएमपीएस टिकला असता का, याचीही मी शपथ घेणार नाही. पण मेला असता तर एकटा मेला असता, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या वेळची अडतीस पानं माझ्याकडं तीन ठिकाणी आहेत. शेवटचं वाक्य अर्धं आहे. त्या दिवशी बसची वेळ झाली होती, म्हणून पुढचं पुढच्या गुरुवारी घेऊ म्हणाले होते.