38 अणूंचा तळ गाठताना

एमएस्सीच्या प्रोजेक्टला सरांनी लेनार्ड-जोन्स समूह दिले. म्हणजे आर्गॉनसारख्या अणूंचे छोटे पुंजके, प्रत्येक जोडीची ऊर्जा तिच्या अंतरावरून सांगणारं एकच साधं सूत्र (लेनार्ड-जोन्सचं), आणि सर्वांत कमी ऊर्जेची मांडणी शोधायची. 13 अणूंना काहीच त्रास झाला नाही. सुरुवात कुठूनही करा, मधोमध एक आणि भोवती बारा अशी वीस त्रिकोणी पृष्ठांची रचना मिळायची. गाडी अडली ती 38 वर.

पद्धत बेसिन-हॉपिंगची, वेल्स आणि डोय यांनी 1997 मध्ये मांडलेली. अणू थोडे विस्कटायचे, लगेच ऊर्जा जवळच्या तळापर्यंत उतरवायची, मग नव्या तळाची जुन्याशी तुलना करायची. नवा तळ वरचा असला तरी कधीकधी स्वीकारायचा. किती सढळपणे, ते प्रोग्रॅममधल्या ‘तापमान’ नावाच्या आकड्यावर ठरतं: तो जितका मोठा, तितकी सढळ स्वीकृती.

अशा समूहांच्या केम्ब्रिजच्या डेटाबेसमध्ये 38 चं उत्तर आहे: उणे 173.928 एप्सिलॉन (एप्सिलॉन म्हणजे या सूत्रातलं ऊर्जेचं एकक). माझा प्रोग्रॅम मात्र उणे 173.252 पाशी घुटमळायचा. आकड्यांत फरक किरकोळ, पण रचना पार वेगळ्या. हा दुसरा तळ पंचकोनी सममितीच्या कुळातला, अर्धवट राहिलेला. वितळलेल्या समूहातली अणूंची ठेवण याच कुळाशी जुळते, म्हणून जवळजवळ सगळ्या वाटा तिकडेच उतरतात. एकाच तळाकडे उतरणाऱ्या अशा वाटांच्या प्रदेशाला नरसाळं म्हणतात; खऱ्या उत्तराकडे नेणारं नरसाळं अरुंद आहे. तापमान कमी ठेवलं की प्रोग्रॅम रुंद नरसाळ्यातून बाहेरच पडत नाही. फार वाढवलं की नुसता भटकतो. शेवटी मूळ लेखातलंच 0.8 तापमान धरलं, साधारण निम्म्या उड्या स्वीकारल्या जातील अशी पावलाची लांबी ठेवली आणि वेगवेगळ्या यादृच्छिक सुरुवातींवर भर दिला.

एका रात्रीच्या रनमध्ये उणे 173.928 आलं. रचना स्क्रीनवर फिरवून पाहिली: आत सहा अणूंचा अष्टफलक, बाहेर बत्तीस; चार-चार अणूंचे सहा चौरस आणि मधे एकेक अणू असलेले आठ षटकोन. घनरूप आर्गॉनच्या स्फटिकात असते तीच अणूंची रचना! इतकी देखणी मांडणी केवळ एका सूत्रातून निघते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता पाण्याच्या समूहांवर काम करते. इथे प्रत्येक रेणूची दिशाही शोधावी लागते, म्हणून नुसत्या यादृच्छिक उड्या महाग पडतात. पुणे विद्यापीठात श्रीधर गद्रे यांच्या गटाने रेणूच्या विद्युत विभवाकडे (त्याच्याभोवती कुठे धन, कुठे ऋण प्रभाव आहे याकडे) बघून समूह बांधण्याचं काम केलं. सुरुवातीच्या रचना तशा विचाराने घेतल्या तर बराच वेळ वाचतो. आणि स्वतंत्र सुरुवाती एकाच तळाला पोचल्याशिवाय मी कुठलीही रचना सर्वांत खालची म्हणत नाही.