मोजा अखेर जागेवर राहिला

काल सकाळी शिवाजी पार्कला चार फेऱ्या झाल्या आणि मोजा जिथे चढवला होता तिथेच होता. चार फेऱ्या म्हणजे साडेचार किलोमीटरच्या वर, तेही मे महिन्यात, डाव्या पायात क्लास टू घालून, म्हणजे फुगलेल्या शिरांसाठी (व्हेरिकोज व्हेन्स) घालतात तो मध्यम दाबाचा घट्ट मोजा. ज्यांनी हे केलंय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. बाकीच्यांना वाटेल, बाई मोज्याचं काय कौतुक सांगत बसली आहे!

मागच्या वेळी इथे लिहिलं तेव्हा याच मोज्याच्या नावाने रडले होते. उद्यान गणेशापासून निघायचं, पहिली फेरी झकास व्हायची आणि दुसऱ्या फेरीत समर्थ व्यायाम मंदिर येईतो मोजा पोटरीच्या निम्म्यावर. नुसता उतरला तरी चाललं असतं, पण वरची कड गुंडाळत जाते आणि पोटरीभोवती वळं बसतं. ते वळं मोजा न घालण्यापेक्षा वाईट. घोट्याशी दाब सगळ्यात जास्त आणि वर जाताना कमी कमी, हीच तर या मोज्याची करामत. मध्येच दोरीसारखं आवळलं की खालचं रक्त खालीच अडतं. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात, तोच पोटरीचा पंप. म्हणजे तो पंप चालवायला मी चालतेय आणि मोजा नळ बंद करतोय. मग कट्ट्यावर बसून ओल्या पायावरून ओला मोजा ओढत राहायचं. एका आजोबांनी थांबून विचारलंसुद्धा, "काय हो, कुत्रं चावलं का?"

घामावर संशय होता म्हणून पावडर लावून पाहिली. घाम आणि पावडर मिळून पिठलं झालं. मग मांडीपर्यंतचा, सिलिकॉनच्या पट्टीचा आणला. तो घसरला नाही हे खरं, पण चौथ्या दिवशी पट्टीखाली लालभडक पुरळ. मुंबईच्या दमटपणात मांडीला सिलिकॉन गुंडाळून फिरायची कल्पना ज्याची असेल, त्याने एकदा मे महिन्यात दादरला उतरून दाखवावं. डॉक्टरही म्हणाल्या, तुमच्या पायाला गुडघ्याखालचा पुरे. तो महागडा जोड आता कपाटात आहे.

तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला, की माप घेतलं कधी होतं? शाळा सुटल्यावर, संध्याकाळी सात वाजता. दिवसभर फळ्यापुढे उभी, वर लोकलमध्येही उभीच. दुकानदाराने टेप काढलीच नव्हती, पायाकडे बघून म्हणाला, "ताई, मीडियमच घ्या." मीही घेतला. (शर्ट घेताना आपण तीनदा अंगाला लावून बघतो!) आता टेलरची टेप उशाशी ठेवली आणि सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी मोजलं. घोट्याच्या वर, सगळ्यात बारीक जागी २१.५ सेंटीमीटर. संध्याकाळी तिथेच २३. पोटरी सकाळी ३५, संध्याकाळी ३६.५. पाकिटावरच्या तक्त्यात २२ ला साइज बदलते. म्हणजे इतके दिवस मी सुजलेल्या पायाचं माप घालून फिरत होते. दुसऱ्या दुकानातून स्मॉल आणला. तिथल्या मुलीने घोटा, पोटरी आणि गुडघ्यापर्यंतची उंची, तिन्ही मापं घेतली आणि संध्याकाळी आले म्हणून वर ओरडली. असं ओरडणारं दुकान सोडू नका.

स्मॉलने तिसऱ्या फेरीपर्यंत साथ दिली आणि मग पुन्हा तेच वळं! त्या दिवशी मी खरंच वैतागले होते. एवढा घट्ट मोजा चढवताना अर्धा घाम घरातच निघतो, आणि तरीही तो घसरतो म्हणजे काय?

उत्तर अपघातानेच सापडलं. घरातलं खोबरेल संपलं. पहाटे आंघोळ करून पोटऱ्यांना तेलाचा हात फिरवायचा आणि त्यावर मोजा, हा माझा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. शिरांना थंडावा म्हणून आईनेच लावलेली सवय. तेल नव्हतं त्या दिवशी मोजा तीन फेऱ्या हलला नाही. खात्री करायला नवी बाटली आणून परत लावलं, तर दुसऱ्याच फेरीत कट्ट्यावर. म्हणजे मी रोज पायाला वंगण घालून मोजा का घसरतो हे विचारत होते. हसा खुशाल.

आता तेल रात्री, मोजा काढल्यावर. आणि आंघोळही रात्रीच, कारण मोजा चढवायचा तो पलंगावरून उतरण्याआधी, पाय हलके असताना. यावर घरात महाभारत झालं. "अगं, पारोशी गणपतीसमोरून फेऱ्या मारणार तू?" आईला सांगितलं, फेऱ्या मारून येते, मग अंगावर पाणी घेते, तोवर गणपती सांभाळून घेईल. फेऱ्यांनंतर मोजा उतरवून पायांवर गार पाणी ओतायला बरंही वाटतं. उन्हाने शिरा सैलावतात आणि रक्त परत खाली येऊ न देणाऱ्या त्यांच्या झडपांवर आणखी ताण येतो, म्हणून तर आपले पाय उन्हाळ्यात जास्त ठणकतात. साडेपाचला बाहेर, सातच्या आत घरात.

चढवायला भांडी घासायचे रबरी हातमोजे वापरा. टाचेपर्यंत उलटा करून पाऊल आत घालायचं आणि मग तळव्यांनी सरकवत वर न्यायचा, वरची कड धरून खेचायचं नाही. आधी बारा-तेरा मिनिटं झटापट चालायची, आता तीनात होतं. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, वाळवायचा सावलीत. आणि नव्याने येणाऱ्यांसाठी परत सांगते: मधुमेहाने पाय बधिर असेल किंवा पायाकडे रक्तच कमी जात असेल, तर क्लास टू मनाने घेऊ नका. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर फेऱ्या बंद आणि तडक डॉक्टर.

घोट्याचा सकाळ-संध्याकाळचा फरक दीडवरून पाऊण सेंटीमीटरवर आलाय. शिरा दिसायच्या तशाच दिसतात, त्या चालून आत जात नाहीत. पण रात्रीचे पोटरीतले गोळे या आठवड्यात एकदाच आले. सुट्टीतला पाय आणि शाळेतला पाय यात फरक आहे हे मान्य, जूनमध्ये परत मोजेन.

पुढचा बेत पाच फेऱ्यांचा होता, पण हे लिहिता लिहिता बदलतोय. उभ्या माणसाच्या घोट्यातल्या शिरेत ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्याचा दाब असतो आणि क्लास टू बाहेरून देतो २३ ते ३२. आता पाणी घ्या. दर १० सेंटीमीटर खोलीला सातच्या थोडं वर. छातीभर पाण्यात उभी राहिले तर माझ्या घोट्यावर ११० सेंटीमीटर पाणी, म्हणजे ८० च्या आसपास! खाली जास्त, वर कमी, शिवाय माप चुकायची भीती नाही. पाणी हाच मोजा, आणि तो घसरत नाही. पोहायला येत नसलं तरी पाण्यात चालता तर येतं. चौपाटीच्या पाण्यात मात्र नाही, आपली घोट्याजवळची त्वचा आधीच नाजूक, त्यात ते पाणी! पालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव घरापासून दहा मिनिटांवर आहे. उद्या फेऱ्यांनंतर तिथे जाऊन उथळ बाजूची खोली आणि बायकांच्या बॅचची वेळ विचारून येते. टेप बरोबर घेतेय. तलावात उतरायच्या आधी तेल लावायचं नाही, हे आईला आजच सांगून ठेवलंय.