दोन सेकंदांची जागा

आज सकाळी हँडी, म्हणजे हातातला छोटा हॅम रेडिओ, घेऊन अजिंक्यतारा चढलो. गडावरून पाच वॅटसुद्धा लांब पोचतात. रिपीटरवर (सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या केंद्रावर) मित्राशी गप्पा इतक्या रंगल्या की त्याचं 'ओव्हर' पुरतं व्हायच्या आत मी पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबत होतो. बऱ्याच वेळाने कराडकडच्या एका काकांचा क्षीण आवाज आला, "दहा मिनिटांपासून ब्रेक मागतोय रे!" ब्रेक म्हणजे चालू गप्पांत मध्ये बोलायला वाट.

फार वाईट वाटलं. एफएमवर जोरकस सिग्नल बारक्याला पार गिळून टाकतो. मध्ये दोन सेकंद सोडलेच नाहीत, तर त्यांनी शिरायचं कुठून? ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं होतं. तसल्या वेळी असा ब्रेक अडला असता तर?

काकांची माफी मागितली, माझी कॉल साइन (रेडिओवरची ओळख) दिली आणि चॅनल त्यांना मोकळा केला. गड उतरताना नुसतं ऐकत आलो.