सोपा डोंगर, लांब रात्र

अवघड डोंगराची गोष्ट सांगायला सोपी असते. कातळकडा, दोर, घसाऱ्याचा टप्पा, पाय सटकला तेव्हा कोणी हात दिला, असा सगळा ऐवज आयता मिळतो आणि ऐकणाराही सावरून बसतो. सोप्या डोंगरावर यातले काहीच घडत नाही, त्यामुळे भटक्या मंडळींच्या बैठकीत त्याची बोळवण 'तिथे काय, कोणीही जातो' एवढ्यावर होते. मित्रांबरोबर रात्रभर चालायचे असेल तर मात्र डोंगर सोपाच निवडावा, असे माझे ठाम मत आहे. अवघड वाटेवर सगळे लक्ष पायांकडे लागलेले असते आणि आपल्याबरोबर कोण कोण आले होते, हे पुष्कळदा घरी आल्यावर फोटो पाहूनच कळते.

आमच्यासाठी असा डोंगर म्हणजे राजमाची. लोणावळा स्थानकावर उतरायचे, तुंगार्लीच्या तलावाजवळून कच्च्या रस्त्याला लागायचे आणि साधारण पंधरा किलोमीटर चालून किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडीत पोहोचायचे. खरी चढण आगगाडीने आधीच चढून दिलेली असते. बोरघाटातला लोहमार्ग 1863 मध्ये सुरू झाला. त्यातला सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक असा आहे. मुंबईहून येणाऱ्या गाडीला त्यासाठी कर्जतला मागून बँकर इंजिने जोडावी लागतात आणि ती गाडीला रेटत सहाशे मीटरहून अधिक उंचीवरच्या लोणावळ्याला आणून सोडतात. राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी उंच असलेला श्रीवर्धन सुमारे 914 मीटरचा, म्हणजे आमच्या पायांच्या वाट्याला उरते ती तीनेकशे मीटरची उंची. वाट मधूनमधून खाली उतरते आणि पुन्हा वर येते हे खरे, पण दम लागून बोलणे बंद पडावे असा टप्पा शेवटच्या तासाभरापर्यंत येत नाही.

जायचे ते जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस दाराशी येऊन थांबलेला असताना. दिवसा हीच वाट उन्हाने नकोशी होते आणि पाऊस लागला की ओढे भरतात, त्यामुळे या मधल्या दिवसांत रात्रीची चाल हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. पुण्याची मंडळी लोकलने आणि मुंबईची मंडळी एक्सप्रेसने येऊन फलाटावर एकत्र जमली की पहिला अर्धा तास पाठपिशव्यांच्या तपासणीत जातो. कोणाकडे तरी अख्खी उशी निघते. राजगिऱ्याचे लाडू सगळ्यांकडे असतात, कारण प्रत्येकाच्या घरून 'वाटेत लागतील' म्हणून तेच दिलेले असतात. पाणी प्रत्येकाकडे किमान तीन लिटर असावे असे ठरलेले असते आणि ते दोघातिघांकडे नसतेच.

रात्री चालणाऱ्या गटाची रचना बाहेरून दिसते तितकी साधी नसते. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला एक जण, ज्याला आम्ही लीड म्हणतो, आणि सर्वांत मागे तितकाच भरवशाचा दुसरा, टेल. सर्वांत हळू चालणाऱ्याला लीडच्या लगेच मागे ठेवायचे, म्हणजे गटाचा वेग त्याच्या पायांनी ठरतो आणि तो मागे राहून कानकोंडा होत नाही. उत्साही मंडळींना हे पटत नाही, त्यांना पुढे धावायचे असते, म्हणून त्यांच्याकडे जड सामान देण्याची युक्ती फार उपयोगी पडते. दर फाट्यावर थांबून माणसे मोजायची. ढाक-वळवंडकडे जाणारी वाट जिथे वेगळी होते तिथे तर दोनदा मोजायची, कारण एकमेकांच्या बोलण्यात गुंगलेली जोडी नेमकी अशा ठिकाणीच सरळ निघून जाते.

या रांगेची गंमत अशी की तिच्यात चेहरे नसतात. पुढच्याच्या पाठपिशवीवर पडलेला बॅटरीचा गोल, त्याच्या बुटांखाली करकरणारी खडी आणि मागच्याचा श्वास, एवढाच आपला मुलूख. थोड्या वेळाने बॅटऱ्याही मालवल्या जातात, कारण रस्ता रुंद असतो आणि डोळे सरावले की ताऱ्यांच्या उजेडात मातीचा पट्टा पुरेसा दिसतो. मग बोलणे बदलू लागते. पहिल्या तासात कार्यालयातले किस्से, जुन्या शिक्षकांच्या नकला आणि कोणी किती वजन वाढवले याची उघड चर्चा चाललेली असते. दुसऱ्या तासात मोठी टोळी मोडून दोघादोघांच्या जोड्या पडतात. जोडीदार निवडावा लागत नाही, कारण कोणी बुटाची नाडी बांधायला थांबतो, कोणी पाणी प्यायला, आणि उठून चालू लागल्यावर शेजारी जो येईल तो आपला. वर्षानुवर्षे ज्याच्याशी फक्त थट्टामस्करी केली, तो मित्र अशा वेळी समोरच्या अंधाराकडे पाहत सांगतो की वडिलांना आता घरातली माणसे ओळखू येत नाहीत, किंवा नोकरी सोडायचे ठरले आहे आणि बायकोला अजून सांगितलेले नाही. उपाहारगृहात समोरासमोर बसून त्याने हे कधी सांगितले नसते, आणि सांगितले असते तरी मी लगेच काहीतरी सल्ला देऊन मोकळा झालो असतो. चालताना सल्ला सुचत नाही. आपण 'हं' म्हणतो, दहा पावले जातात, आणि तो पुढचे वाक्य बोलतो.

उधेवाडीच्या अलीकडे, झाडी दाट होते तिथे, काजवे दिसू लागतात. सुरुवातीला एखाददुसरा, मग अख्खे झाड. लुकलुकत उडणारे बहुतेक नर असतात आणि माद्या पानांवर बसून त्यांना उत्तर देतात. हा उजेड ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पडतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. अशाच एका खेपेच्या रात्री एक काजवा आमच्यातल्या एकाच्या बाहीवर येऊन बसला. जवळून पाहिले तर तो करड्या-तपकिरी रंगाचा, भाताच्या दाण्याएवढा, अगदी सामान्य किडा होता. पोटाच्या टोकाशी फिकट पिवळसर पट्टा होता, तो एकदम हिरवट पेटायचा आणि विझायचा. एका झाडावरच्या शेकडो काजव्यांनी एकाच ठेक्यात पेटून विझावे आणि शेजारच्या झाडाने क्षणभराने तो ठेका उचलावा, हे मी आधीही पाहिले आहे, तरी दर वेळी त्यावर पटकन विश्वास बसत नाही.

आता मात्र काजवे पाहायला जीपगाड्या थेट गावापर्यंत येतात आणि त्यांचे दिवे वळणावर झाडीवर पडले की सगळी झाडे एकदम विझतात. नर-मादीची गाठ पडण्यासाठी पूर्ण वाढ झालेल्या काजव्यांच्या हाती जेमतेम दोनतीन आठवडे असतात. त्यातली एक रात्र कोणाच्या तरी हेडलाइटमध्ये जाते. गावाला या गर्दीतून चार पैसे मिळतात, तेव्हा येऊच नका असे मी म्हणणार नाही, पण शेवटचे दोन किलोमीटर दिवे मालवून चालत यायला काय हरकत आहे, हे मला कळलेले नाही.

उधेवाडीत ज्या घरी उतरायचे तिथल्या मावशी पहाटेच्या तीन वाजताही जाग्याच होत्या. ओसरीवर आम्ही आडवे होत असताना त्यांनी चहाची किटली आणून ठेवली आणि म्हणाल्या, "एवढी तरणी पोरं, आन् आवाज कसा नाही तुमचा? भांडलात काय वाटंत?" कोणी भांडलेले नव्हते, पण काय झाले होते हे सांगणेही अवघड होते. "झोप आलीय मावशी," असे एकाने सांगून वेळ मारून नेली.

झोप तासाभराचीच मिळते, कारण उजाडायच्या आत श्रीवर्धनवर पोहोचायचे असते. श्रीवर्धन आणि मनरंजन यांच्यामधल्या खिंडीत भैरवनाथाचे देऊळ आहे, तिथून वरची वाट लागते. हा टप्पा छोटा, पण रात्रभर चाललेल्या पायांना तो बरोबर कळतो. बोरघाटावर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला होता. शिवाजी महाराजांनी 1657 च्या सुमारास तो घेतला आणि 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला. नजर ठेवणे म्हणजे काय, ते तटावर बसल्यावर वेगळे समजावून घ्यावे लागत नाही. उल्हास नदीच्या खोऱ्यापलीकडे खंडाळ्याच्या घाटात गाडीचे दिवे बोगद्यात शिरतात, दुसऱ्या बाजूने बाहेर येतात, आणि बँकर इंजिनांची धाप खोरे ओलांडून कानावर येते. इथे बसलेल्या पहारेकऱ्याला घाटातून सरकणारा मशालींचा तांडा असाच दिसला असेल.

उतरायचे कर्जतच्या बाजूने, कोंदिवड्याला. ही उतरण तीव्र आहे आणि जून महिन्यात घामाने भिजवते, तिच्याबद्दल फार चांगले बोलता येणार नाही. मधे कोंढाण्याची लेणी लागतात एवढाच दिलासा. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एका मोठ्या मूर्तीचे शीर तेवढे उरले आहे आणि शेजारी ब्राह्मी अक्षरांत कण्हाचा शिष्य बलक याचे नाव कोरलेले आहे. पाठपिशव्या टाकून सगळे त्या सावलीत अर्धा तास मेल्यासारखे पडले.

कर्जतला वडे खाऊन झाल्यावर खर्चाचा हिशोब निघाला. जेवणाचे, चहाचे आणि कोंदिवड्याहून केलेल्या टमटमचे पैसे प्रत्येकी किती, यावर दोघांची चांगलीच जुंपली. त्यातला एक तोच होता, ज्याने रात्री नोकरीबद्दल सांगितले होते. ऐंशी रुपये आपल्याला जास्त लागले आहेत हे तो वहीवर आकडे मांडून तावातावाने सिद्ध करत होता. मी वही हातात घेतली, त्याचेच म्हणणे बरोबर निघाले, आणि लोकल फलाटावर येईपर्यंत दुसऱ्याकडून त्याचे ऐंशी रुपये वसूल झाले.