सतराचा पाढा आणि यवतेश्वरचा घाट

आमचं घर समर्थ मंदिराच्या चौकापासून हाकेच्या अंतरावर. 2012 पासून साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन होते, 21 किलोमीटरची. ती आमच्याच भागातून यवतेश्वरचा घाट चढते आणि परत येते. इतकी वर्षं त्या रविवारी माझी एकच तक्रार असायची, की स्कूटर बाहेर काढता येत नाही. गॅलरीत चहाचा कप घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, सुट्टीच्या दिवशी कशाला एवढा जीव काढतात ही माणसं!

2016 च्या 15 ऑगस्टला ललिता बाबर रिओला स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळाली. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची पोर. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक फायनल गाठणारी पहिली भारतीय बाई. मीही टीव्हीसमोर बसले होते, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन. ती दहावी आली, माझा डबा संपला.

मी पतसंस्थेत कॅशियर. 19 वर्षं एकाच खुर्चीत. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी तीन महिन्यांच्या साखरेची टेस्ट केली, ती 6.1 आली. डॉक्टर म्हणाले, "5.7 च्या पुढं गेलं की काठावर, 6.5 ला पाण्यात. तुम्ही काठावर आहात." बीपी बघितलं, ईसीजी काढला आणि चालायला लागा म्हणाले. पळायला त्यांनी सांगितलं नव्हतं. पळायचं माझं मीच ठरवलं, कारण त्याच आठवड्यात स्टँडवर कराडच्या गाडीमागं पन्नास पावलं धावले आणि गाडी गेल्यावर दहा मिनिटं बाकावर बसून राहिले. कंडक्टरनं मागं वळून पाहिलं होतं. ते जास्त लागलं.

दिवाळी झाल्यावर एका पहाटे साडेपाचला शाहू स्टेडियमवर गेले. पायात मुलाचे जुने बूट, अंगात पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गाठ मारून. शाळेत पळायचो तशी सुटले. अर्धी फेरीसुद्धा झाली नाही. छातीत भाता, तोंडाला लोखंडाची चव. कठड्याला धरून उभी राहिले. वाटलं, सगळं मैदान माझ्याकडंच बघतंय. खरं तर कुणीच बघत नव्हतं. तिथं पोलीस भरतीची पोरं-पोरी होती, त्यांना त्यांच्या सेकंदांची काळजी. पोरांना 1600 मीटर, मुलींना 800.

त्यातली एक मुलगी चौथ्या दिवशी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही पळत नाही, पळून जाताय."

मग तिनंच सांगितलं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीनच दिवस. आणि पळायचं किती? तर शेजारून चालणारे आजोबा पुढं गेले तरी चालतील इतकं हळू. ते गेलेही. रोज जायचे, आणि जाताना "चालू द्या, चालू द्या" म्हणायचे. मला हे हळू पळणं फार जड गेलं. दम लागत नाही म्हणजे व्यायाम झालाच नाही, असं डोक्यात बसलेलं. त्यात मध्येच चालायचं म्हणजे हरल्यासारखं. ओळखीचं कुणी समोरून आलं की मी चालण्याची पाळी असली तरी पळायला लागायची, आणि ते गेले की वाकून गुडघ्यावर हात.

"पळताना बोलता आलं पाहिजे," असंही ती म्हणाली होती. आता पहाटे साडेपाचला मी बोलू कुणाशी? म्हणून सतराचा पाढा धरला. कॅशियर माणूस, दुसरं काय सुचणार! सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, मोठ्यानं. शब्द तुटला की वेग कमी करायचा. तुटला नाही तर ठीक चाललंय. पुढं मनगटावर घड्याळ आलं, त्यात ठोके दिसतात, पण मी अजून पाढ्यावरच विश्वास ठेवते.

बायकांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. बुटांच्या आधी चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या. दीड महिना मी खांदे आवळून पळत होते आणि मान का दुखते म्हणून उशी बदलत होते. बूट नंतर घेतले, संध्याकाळी जाऊन, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा सोडून, नेहमीपेक्षा एक नंबर मोठे. सासूबाईंनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तरी त्या गप्प झाल्या.

जानेवारीअखेर सलग वीस मिनिटं पळता येऊ लागलं, आणि तिथंच माती खाल्ली. आता आपल्याला येतंय म्हणून मी रोज जायला लागले. एके दिवशी भरतीच्या पोरींच्या मागं 800 मीटर लावले. त्या केव्हाच पुढं गेल्या, पण मी सोडलं नाही. दोन दिवसांनी नडगीच्या आतल्या बाजूला असं दुखायला लागलं की ऑफिसचा जिना चढताना कठडा धरावा लागला. डॉक्टरांनी बोटानं दाबत दाबत तपासलं, हाडाला चीर नाही याची खात्री केली आणि मग समजावलं, "दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. तुमचं इंजिन तयार झालंय, चेसी अजून जुनीच आहे." तीन आठवडे पळणं बंद. घरात सगळे माझ्यावर वैतागले, कारण मी सगळ्यांवर वैतागत होते. तेव्हा प्रथम कळलं की मला याची सवय लागली आहे.

परत सुरुवात केली ती पुन्हा एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, इथपासून. या वेळी लाज वाटली नाही. शिवाय साताऱ्यात सपाट रस्ता शोधून सापडायचा नाही. चार भिंतीच्या टेकडीकडं वळलं की चढ, अजिंक्यताऱ्याकडं गेलं की चढच चढ. इथं चालत चालत पळणं ही पद्धतच आहे. पोटऱ्या टणक झाल्या, कुत्र्यांची ओळख झाली. कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही, थांबायचं, हे पळायला शिकताना शिकले ही गंमतच.

जुलैतल्या एका रविवारी पहाटे घाटाला लागले. उशीर केला की कासकडं जाणाऱ्या गाड्या सुरू होतात, म्हणून अंधारातच निघाले. धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नव्हतं, फक्त डाव्या हाताला पाण्याचा आवाज. चढावर पाढा सतरा चोक अडुसष्टला तुटायचा. मग चालायचं, श्वास खाली आला की पुन्हा एकेपासून. किती वेळा म्हटला कोण जाणे. धुक्यातून एक दूधवाला एम-एटी गाडीवरून घाट उतरत आला, मला मोठ्यानं पाढे म्हणताना ऐकून त्यानं ब्रेक दाबला आणि मग न बोलता निघून गेला.

पाऊण तासानं यवतेश्वरला पोचले. खाली सातारा दिसेल असं वाटलं होतं, पण खाली नुसता कापूस. ह्यांना फोन लावला, "मी वर आहे. स्कूटर घेऊन या."

"पळत गेलीस ना? मग पळत ये," म्हणाले आणि ठेवला फोन.

आले पळत. उतार म्हणजे मजाच, दम लागत नाही, पाढा दहापर्यंत खणखणीत. उतरताना मांडीचे स्नायू प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात आणि त्याचं बिल नंतर येतं, हे मला मंगळवारी कळलं. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संध्याकाळी कॅश जुळवून मी कठडा धरून जिना उलट्या पावलांनी उतरत होते, आणि शिपाई खाली उभा राहून विचारत होता, "मॅडम, वर काय राहिलं का?"