पर्ल आणि पायथॉनचं बोलणं एकदाचं जमलं

वडोदऱ्यात दांडिया बाजारला आमच्या घराजवळ एक जुनं मराठी वाचनालय आहे, तिथली सभासदांची सगळी नोंद पर्ल या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका प्रोग्राममध्ये आहे, कोणी लिहिलाय कोणास ठाऊक पण अजून छान चालतो. मला पायथॉन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून पुस्तकाची तारीख उलटली की सभासदाला निरोप पाठवायचा होता. सगळं पायथॉनमध्ये नव्याने लिही असं मित्र म्हणाले, पण त्यात दंडाचे, सवलतीचे इतके बारीक नियम आहेत की ते आता ग्रंथपाल काकांनाही सगळे सांगता येत नाहीत. चालत्या कामाला हात कशाला लावायचा.

मग पायथॉनने पर्ल सुरू करायचा, पाइपमधून (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याला पोचवणारी वाट) सभासद क्रमांक द्यायचा आणि उत्तर वाचायचं असं ठरवलं. टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, हाताने नंबर टाकला की लगेच उत्तर यायचं, पायथॉनमधून चालवलं की दोघंही गप्प, एररसुद्धा नाही. दोन संध्याकाळी यातच गेल्या. आउटपुट टर्मिनलकडे जात असेल तर ओळ संपली की बाहेर पडते, पण पाइपकडे जात असेल तर काही हजार बाइट साठेपर्यंत बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच, पडून राहते, म्हणजे पर्ल पुढच्या नंबरची वाट बघतोय आणि पायथॉन उत्तराची. पर्लला ऑटोफ्लश लावलं (साठवून न ठेवता लगेच बाहेर ढकलायचं), पायथॉनमध्ये लिहिल्या लिहिल्या फ्लश केलं, तेव्हा सुटलं.

खरा त्रास नावांनी दिला. मी आधी लांबी आणि मग मजकूर असं पाठवत होतो. ‘जोशी’ची लांबी पायथॉन ४ सांगतो, कारण ज, ओकार, श, ईकार असे वेगळे मोजतो, आणि तो जुना पर्ल प्रोग्राम बाइट मोजतो म्हणून १२, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात ना. पर्लने १२ सांगितले, पायथॉनने १२ अक्षरं वाचली, आणि जोशींच्या नावाला पुढच्या उत्तराचा तुकडा चिकटला.

लांबीच काढून टाकली. आता एक ओळ म्हणजे एक जेसन (माहिती साध्या मजकुरात लिहायची ठरलेली पद्धत), पत्त्यात नवीन ओळ असली तरी जेसन ती बॅकस्लॅश-एन अशी दोन चिन्हं करून टाकतो त्यामुळे निरोप मध्येच तुटत नाही. पर्ल ५.१४ पासून जेसनचं मॉड्यूल, म्हणजे तयार कोड, सोबतच येतं, वेगळं काही टाकावं लागलं नाही. फक्त फाइलमधून वाचलेली नावं आधी डीकोड करायची, म्हणजे बाइटची अक्षरं करून घ्यायची, नाहीतर प्रत्येक बाइटला वेगळं अक्षर समजून पर्ल परत यूटीएफ-८ करतो आणि पलीकडे भलतीच अक्षरं दिसतात. सभासद क्रमांक दोन्हीकडे स्ट्रिंगच, म्हणजे आकडा नाही तर मजकूर, ठेवा, ०४२ चं ४२ झालं की सभासद सापडत नाही. आणि तपासायला टाकलेले प्रिंट स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुका दाखवायच्या वेगळ्या वाटेवर, उत्तरांच्या वाटेत नाही.

काल काकांसमोर चालवलं, पहिले १७ निरोप गेले, त्यात एक नाव गुजराती लिपीतलं होतं, तेही अख्खं पोचलं.